आंत्रविषाणूंवर वनस्पतींचा उतारा: किती सिद्ध, किती बाकी

बालवाडीतल्या एखाद्या मुलाच्या तळहातांवर आणि तळपायांवर पुरळ उठते, तोंडात फोड येतात, ताप चढतो. आठवडाभरात तीच लक्षणे वर्गातल्या आणखी पाचसात मुलांत दिसू लागतात. डॉक्टर आजार लगेच ओळखतात: हँड, फूट अँड माउथ डिसीज. पण त्यांच्या पुढच्या वाक्याने पालक अस्वस्थ होतात. हा विषाणू मारणारे औषध नाही. ताप आणि दुखणे कमी करायचे, मुलाला पाणी पाजत राहायचे आणि वाट पाहायची. या वाट पाहण्याच्या दिवसांत घरातली वडीलधारी माणसे तुळस, हळद, ज्येष्ठमध काढतात. प्रयोगशाळांमधले संशोधकही गेली चाळीस वर्षे अशाच वनस्पती तपासत आहेत.

या संशोधनाचा हिशेब मांडला की एक गोष्ट स्पष्ट दिसते. वनस्पतींमध्ये या विषाणूंना रोखणारी संयुगे आहेत का, या प्रश्नाचे उत्तर मिळालेले आहे: आहेत, आणि भरपूर आहेत. अडून बसलेला प्रश्न दुसराच आहे. ते संयुग आजारी मुलाच्या शरीरात योग्य जागी, योग्य वेळी, पुरेशा प्रमाणात आणि अपाय न करता पोहोचते का? पहिल्या प्रश्नावर शोधनिबंधांची रास पडली आहे, दुसऱ्यावर मोजकेच काम झाले आहे. या लेखात त्या दोन्हींचा आढावा घ्यायचा आहे.

विषाणूंचे कुटुंब

आंत्रविषाणू म्हणजेच एंटरोव्हायरस हे एक मोठे कुटुंब आहे. पोलिओचे तीन प्रकार, कॉक्सॅकी ए आणि बी गटातले विषाणू, एकोव्हायरस, क्रमांकाने ओळखले जाणारे नवे विषाणू आणि सर्दी आणणारे ऱ्हायनोव्हायरस हे सगळे याच कुटुंबातले. आकार सुमारे ३० नॅनोमीटर, आत साडेसात हजार अक्षरांच्या आसपास आरएनए आणि बाहेर चार प्रकारच्या प्रथिनांच्या प्रत्येकी साठ प्रतींनी बनलेले घट्ट कवच. कवचावर मेदाचे आवरण नसते. म्हणूनच ऱ्हायनोव्हायरससारखे अपवाद वगळता हे विषाणू जठरातल्या आम्लातून सुखरूप निसटतात, पाण्यात आणि खेळण्यांवर टिकतात, आणि अल्कोहोलच्या सॅनिटायझरलाही फारशी दाद देत नाहीत.

बहुतेक मुले आठवड्या-दहा दिवसांत बरी होतात. सगळीच होत नाहीत. कॉक्सॅकी बी हृदयाच्या स्नायूला सूज आणतो. एंटरोव्हायरस डी-६८ ची मोठी साथ २०१४ मध्ये अमेरिकेत आली, तेव्हा काही मुलांच्या हातापायांतली शक्ती अचानक गेली. सर्वांत जास्त धास्ती एंटरोव्हायरस ए-७१ ची आहे. हा विषाणू १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात पहिल्यांदा वेगळा करण्यात आला. १९९७ मध्ये मलेशियातल्या सारवाकमध्ये त्याने मुलांचे बळी घेतले. १९९८ मध्ये तैवानमध्ये मोठी साथ आली आणि त्यात ७८ जणांचा मृत्यू झाला. त्यांत बहुसंख्य लहान मुले होती. मेंदूच्या खोडाला सूज येते, फुप्फुसांत पाणी भरते आणि काही तासांत सगळे संपते. चीनमध्ये २००८ ते २०१२ या काळात हँड, फूट अँड माउथचे सुमारे ७२ लाख रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतले २,४५७ दगावले. म्हणून या विषयावरचे बहुतांश वनस्पती-संशोधन चीन आणि तैवानमधून आले आहे.

आपल्याकडेही हा आजार परका नाही. केरळमध्ये तो २००३ मध्ये नोंदला गेला, नागपुरात २००५-०६ मध्ये. २०२२ मध्ये कोल्लममधल्या साथीला वृत्तपत्रांनी 'टोमॅटो फ्लू' म्हटले, पण तोही मुळात हँड, फूट अँड माउथचाच अवतार होता. महाराष्ट्राचे या कुटुंबाशी शास्त्रीय नातेही जुने आहे. मुंबईत परळला हाफकिन संस्थेच्या आवारात १९४९ मध्ये पोलिओ संशोधनाचे केंद्र सुरू झाले. तेच पुढे एंटरोव्हायरस संशोधन केंद्र म्हणून जगभर ओळखले गेले आणि देशाच्या पोलिओ निर्मूलनात त्याच्या तपासण्यांचा मोठा वाटा राहिला.

रासायनिक औषधे कुठे अडली

चीनमध्ये २०१५च्या अखेरीपासून ए-७१ वरच्या लसींना परवानगी मिळत गेली आणि त्या प्रभावी ठरल्या. पण त्या फक्त ए-७१ पुरत्या आहेत. कॉक्सॅकी ए-१६ किंवा ए-६ मुळे होणारा तोच आजार त्या रोखत नाहीत. शंभराहून जास्त प्रकारांसाठी शंभर लसी बनवणे शक्य नाही, म्हणून अनेक प्रकारांवर चालेल असे औषध हवे.

तसे प्रयत्न झाले. विषाणूच्या कवचातल्या व्हीपी-१ या प्रथिनात एक खोलगट खाच असते आणि तिथे एक छोटा मेदाचा रेणू बसलेला असतो. त्या खाचेत घट्ट बसून कवच उघडूच न देणारे प्लेकोनारिल हे औषध तयार झाले. त्याने सर्दीचा मुक्काम सुमारे एका दिवसाने कमी केला. पण औषधाला न जुमानणारे विषाणू दिसू लागले, गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम ते कमी करते हेही आढळले, आणि २००२ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने ते नाकारले. रुपिंट्रिव्हिर हे औषध विषाणूच्या ३सी या विकरावर नेम धरत होते. स्वयंसेवकांना मुद्दाम सर्दी देऊन केलेल्या प्रयोगात ते चालले, नैसर्गिक सर्दीत चालले नाही. आज आंत्रविषाणूंवर सर्वमान्य असे एकही मंजूर औषध नाही. वनस्पतींकडे आशेने पाहण्याचे खरे कारण ही रिकामी जागा आहे.

या आशेला इतिहासाचा आधारही आहे. १९५०च्या दशकात कॅरिबियन समुद्रातल्या एका स्पंजात वेगळ्या घडणीचे न्यूक्लिओसाइड सापडले आणि त्यातून मिळालेल्या कल्पनेवर नागीण गटातल्या विषाणूंवरचे व्हिडाराबिन उभे राहिले. तू यूयू यांनी चिनी परंपरेतल्या वनस्पतीतून आर्टेमिसिनिन काढले आणि हिवतापाचा उपचार बदलला. त्यासाठी त्यांना २०१५ चे नोबेल मिळाले. निसर्गातून औषध येते. मात्र ते शुद्धीकरण, मोजमाप आणि माणसांवरच्या चाचण्या या सगळ्यांतून पार पडून येते.

वनस्पतींचे घाव कुठे बसतात

विषाणूच्या आयुष्याचे टप्पे लावले की संयुगेही आपोआप रांगेत लागतात.

पहिला टप्पा पेशीला चिकटण्याचा. तुळस, रोजमेरी, पुदिना यांच्या कुळात रोझमॅरिनिक आम्ल भरपूर असते. ते ए-७१ च्या कवचावरच्या पाचकोनी शिखरांपाशी बसते आणि पेशीवरच्या सल्फेटयुक्त रेणूंशी विषाणूची गाठ पडू देत नाही, असे तैवानमधल्या गटाने २०२० मध्ये दाखवले. या कामाचे मोल आणखी एका कारणासाठी आहे. संशोधकांनी संयुगाला दाद न देणारे विषाणू वाढवून, त्यांच्या व्हीपी-१ प्रथिनात नेमका कोणता बदल झाला तेही शोधले. संयुग खरोखर विषाणूवरच घाव घालते याचा यापेक्षा चांगला पुरावा क्वचितच मिळतो. ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिक आम्लाची गोष्ट वेगळी. २०१३ मधल्या अभ्यासात त्याने कॉक्सॅकी ए-१६ ला थेट निकामी केले, तर ए-७१ वर त्याचा परिणाम विषाणू पेशीत शिरल्यानंतर दिसला. एकच संयुग आणि दोन सख्खे विषाणू, तरी वागणूक निराळी. एका विषाणूवरचा निकाल दुसऱ्याला लावता येत नाही, हे यातून कळते.

दुसरा टप्पा प्रथिने बनवण्याचा. आंत्रविषाणूच्या आरएनएच्या सुरुवातीला एक गुंतागुंतीची घडी असते आणि पेशीची प्रथिने बनवणारी यंत्रणा थेट त्या घडीवर येऊन कामाला लागते. त्यासाठी पेशीची काही स्वतःची प्रथिने मदतीला लागतात. केंफेरॉल आणि एपिजेनिन ही फ्लेव्होनॉइड संयुगे, म्हणजे अनेक भाज्यांत आणि ओव्याच्या कुळातल्या सेलरी-पार्सलीत असणारी द्रव्ये, हीच मदत तोडतात.

तिसरा टप्पा कात्रीचा. विषाणू आपली सगळी प्रथिने एका लांब माळेत बनवतो आणि मग २ए व ३सी ही विकरे ती माळ कापून तुकडे वेगळे करतात. फिसेटिन, रुटिन आणि क्रायसिन ही संयुगे ३सी विकराला अडवतात असे अहवाल आहेत.

चौथा टप्पा कारखान्याचा. विषाणू पेशीतल्या पटलांची मोडतोड करून आपल्या आरएनएच्या प्रती काढण्यासाठी छोट्या पुटिका उभारतो. त्यासाठी तो पेशीची पीआय४के-बीटा, जीबीएफ-१, ओएसबीपी ही प्रथिने वेठीला धरतो. बुरशीपासून मिळणारे ब्रेफेल्डिन-ए हे संयुग पोलिओची वाढ थांबवते, हे १९९२ मध्येच दिसले होते. ते औषध म्हणून वापरता येत नाही इतके विषारी आहे, पण विषाणूला पेशीचे नेमके काय लागते हे त्याने शिकवले. हळदीतले कर्क्युमिन पीआय४के-बीटा आणि जीबीएफ-१ या दोहोंचे प्रमाण घटवते आणि त्यामुळे ए-७१ ची वाढ मंदावते, असा निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. दारुहळदीतले बर्बेरिन पेशीच्या संदेशवहनात आणि स्वतःचे घटक पचवण्याच्या क्रियेत हस्तक्षेप करते.

यांत जुने आणि कदाचित सर्वांत बोधप्रद घराणे आहे ३-मेथॉक्सिफ्लेव्होनचे. पूर्व आशियातल्या पारंपरिक औषधांत वापरली जाणारी, पुदिन्याच्या कुळातली एक वनस्पती तपासताना जपानी संशोधकांना १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला असे एक संयुग मिळाले. ते ऱ्हायनोव्हायरस आणि कॉक्सॅकी दोघांवर चालत होते. बेल्जियममध्ये अँटवर्पच्या गटाने याच घराण्यातले ३-मेथिलक्वेर्सेटिन तपासले आणि कॉक्सॅकी बी-४ ची लागण केलेल्या उंदरांना त्याने वाचवले. क्वेर्सेटिनच्या सांगाड्यावरच्या नेमक्या जागी एक मिथाइल गट आला की परिणाम बदलतो, हे त्या काळात समजले. औषध शोधणाऱ्याला अशीच माहिती हवी असते: रेणूचा कोणता भाग काम करतो आणि कोणता नुसता बरोबर असतो.

उंदरांवरचे निकाल

प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या पेशींच्या पुढे गेलेली संयुगे कमी आहेत. हिरड्यातल्या चेब्युलॅजिक आम्लाने आणि डाळिंबाच्या सालीत विपुल असणाऱ्या प्युनिकॅलॅजिनने ए-७१ ची लागण झालेल्या उंदीरपिल्लांचे मृत्यू कमी केले, असे अनुक्रमे २०१३ आणि २०१२ च्या अभ्यासांत दिसले. रोझमॅरिनिक आम्ल, चिनी परंपरेतल्या सोफोरा वनस्पतीतले मॅट्रिन आणि लायकोरिस या कंदवर्गीय वनस्पतीतले लायकोरिन यांचेही असे निकाल आहेत.

हे निकाल वाचताना प्रयोगाची मांडणी लक्षात ठेवावी लागते. ए-७१ प्रौढ उंदराला सहसा आजारी पाडत नाही. म्हणून काही दिवसांची पिल्ले आणि उंदराला सरावलेला विषाणू वापरावा लागतो. बऱ्याच प्रयोगांत संयुग लागणीच्या वेळी किंवा त्यानंतर लगेच, तेही पोटाच्या पोकळीत टोचून दिले जाते. माणसाचे मूल दवाखान्यात येते तेव्हा पुरळ उठलेले असते, म्हणजे विषाणू कित्येक दिवस वाढून झालेला असतो. शिवाय मूल औषध तोंडाने घेते. हिरड्या-डाळिंबातली मोठी टॅनिन द्रव्ये आतड्यातून जशीच्या तशी रक्तात जात नाहीत. आतड्यातले जिवाणू त्यांचे तुकडे करतात आणि रक्तात पोहोचतात ते तुकडे.

यातून मला एक दिशा दिसते. रक्तात न शिरणारी ही द्रव्ये घशात आणि आतड्यात तर राहतात, आणि आंत्रविषाणू सुरुवातीला तिथेच वाढतो. मेंदूला वाचवण्यासाठी नव्हे, तर घरातल्या किंवा पाळणाघरातल्या दुसऱ्या मुलापर्यंत जाणारा विषाणू कमी करण्यासाठी त्यांची परीक्षा व्हायला हवी. तो प्रश्न वेगळा आहे आणि त्याची चाचणीही वेगळी आखावी लागेल.

माणसांवर काय झाले

वनस्पतीच्या फ्लेव्होनचे धडे गिरवून प्रयोगशाळेत बनवलेला एक चाल्कोन आणि डायक्लोरोफ्लॅव्हान या संयुगांच्या चाचण्या १९८०च्या दशकात इंग्लंडमध्ये सॉल्सबरीच्या कॉमन कोल्ड युनिटमध्ये झाल्या. स्वयंसेवकांना संयुग तोंडाने दिले आणि ऱ्हायनोव्हायरसची लागण केली. बशीत अत्यंत प्रभावी असलेल्या या संयुगांनी सर्दी रोखली नाही. रक्तात संयुग होते, नाकाच्या स्रावात मात्र सापडले नाही. पुढे चाल्कोन नाकावाटे देऊन पाहिले, तेव्हाही फायदा झाला नाही. चाळीस वर्षांपूर्वीचा हा निकाल आजच्या प्रत्येक 'आशादायक' शोधनिबंधाशेजारी ठेवून वाचावा, इतका तो महत्त्वाचा आहे.

तैवानमध्ये दुधातल्या लॅक्टोफेरिनने बशीत आणि उंदरांत ए-७१ ला रोखले होते. पण लॅक्टोफेरिनयुक्त दूध मुलांना देऊन केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आंत्रविषाणूची लागण कमी झाली नाही. चीनमध्ये जिनझेन या अनेक घटकांच्या पारंपरिक द्रवाची बहुकेंद्री, प्लासिबोशी तुलना करणारी चाचणी झाली. २०१४ च्या तिच्या अहवालात सौम्य आजारातला ताप आणि पुरळ लवकर ओसरल्याचे दिसले. हा प्रामाणिक प्रयत्न आहे, पण सौम्य आजार तसाही बरा होतो, आणि मिश्रणातल्या कोणत्या घटकाने काम केले ते कळत नाही. हृदयाच्या विषाणुजन्य सुजेवरच्या वनौषधींचा कॉक्रेन आढावाही झाला. काही औषधींनी लक्षणे सुधारल्याचे अहवाल त्यात होते, पण मूळ चाचण्यांचा दर्जा कमी असल्याने ठाम शिफारस करता आली नाही.

थोडा उजेड दिसतो तो लाल समुद्री शैवालातल्या आयोटा-कॅरॅगीननच्या नाकातल्या फवाऱ्यात. हा मोठा रेणू शरीरात शिरत नाही. तो नाकातच राहून विषाणूला अडवतो. काही चाचण्यांत सर्दीचे दिवस कमी झाले, काहींत फरक अंधुक राहिला. तरी यामागचा विचार योग्य आहे: विषाणू जिथे आहे तिथेच औषध ठेवायचे.

बशी आणि बाळ यांच्यातले अंतर

हे अंतर पडण्याची कारणे ठरावीक आहेत. पहिले मात्रेचे. आठ ग्रॅम कर्क्युमिन एका वेळी घेतलेल्या माणसांच्या रक्तात त्याची सर्वोच्च पातळी सरासरी पावणेदोन मायक्रोमोलरच्या आसपासच गेली होती. बशीत विषाणू रोखायला सहसा याहून बरेच जास्त लागते, आणि आठ ग्रॅमची मात्रा बाळाला देण्याचा प्रश्नच येत नाही.

दुसरे कारण फसव्या होकाराचे. काही रेणू अनेक प्रथिनांना ढोबळपणे चिकटतात, चाचणीच्या प्रकाशमापनात गोंधळ करतात किंवा पेशीच आजारी पाडतात, आणि आजारी पेशीत विषाणूही नीट वाढत नाही. कर्क्युमिनबद्दल हा इशारा २०१७ मध्ये 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'त सविस्तर दिला गेला. म्हणून पेशी मारणारी मात्रा आणि विषाणू रोखणारी मात्रा यांच्यातले गुणोत्तर प्रत्येक अभ्यासात पाहिले पाहिजे. ते दोन-तीन असेल तर आनंद मानण्यासारखे काही नाही.

तिसरे कारण विषाणूच्या स्वभावाचे. प्रत काढताना तो साधारण दहा हजार अक्षरांमागे एक चूक करतो. त्याच्या साडेसात हजार अक्षरांच्या हिशेबाने बरेच नवे विषाणू थोडे वेगळे असतात, आणि एकट्या औषधाला चुकवणारा कोणीतरी त्यात निघतोच. पेशीच्या प्रथिनांवर नेम धरणाऱ्या संयुगांपुढे विषाणूला निसटणे कठीण जाते. मात्र तिथे पेशीलाच इजा होण्याचा धोका वाढतो.

चौथे कारण सुरक्षिततेचे. 'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक नव्हे. ज्येष्ठमध जास्त झाले तर पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो. बर्बेरिन नवजात बाळाची कावीळ वाढवू शकते. आपले रुग्ण पाच वर्षांखालचे आहेत, ही गोष्ट क्षणभरही नजरेआड होऊ देता येणार नाही.

पुढचे काम

आणखी शंभर वनस्पतींचे अर्क बशीत टाकून आणखी शंभर होकार मिळवणे सोपे आहे. त्याने मुलांचे काहीही भले होणार नाही. गरज आहे ती मोजक्या संयुगांवर खोल काम करण्याची. रोझमॅरिनिक आम्ल किंवा ३-मेथॉक्सिफ्लेव्होन यांसारखे रेणू, ज्यांचा नेम नेमका कुठे बसतो हे ठाऊक आहे, ते निवडावेत. रसायनशास्त्रज्ञांनी त्यांची घडण सुधारावी. लागणीनंतर उशिरा दिलेले औषध उंदरांत काम करते का, ते तपासावे. एकाच रेणूची ए-७१, डी-६८, कॉक्सॅकी बी अशा दूरच्या भावंडांवर परीक्षा व्हावी. दोन वेगवेगळ्या टप्प्यांवर घाव घालणाऱ्या संयुगांची जोडी करून पाहावी, म्हणजे विषाणूला निसटण्याच्या वाटा कमी होतील. आणि नकारात्मक निकालही तितक्याच आस्थेने छापले जावेत.

या कामात भारताची बाजू दुबळी नाही. हिरडा आपल्या सह्याद्रीत आहे, वनस्पतिरसायनाची परंपरा आहे आणि पोलिओच्या लढ्याने आंत्रविषाणू वाढवून ओळखणाऱ्या प्रयोगशाळा व अनुभवी हात दिले आहेत. १३ जानेवारी २०११ ला हावड्यात देशातला जंगली पोलिओचा शेवटचा रुग्ण आढळला. त्या लढ्यात कमावलेले कौशल्य आता पोलिओच्या भावंडांवर वापरले पाहिजे, आणि आयुर्वेदाचे वैद्य, औषधशास्त्रज्ञ व बालरोगतज्ज्ञ यांनी एकाच चाचणीच्या आराखड्यावर एकत्र बसले पाहिजे.

तोवर घरी काय करावे? बाळघुटीत हिरडा, ज्येष्ठमध, हळकुंड उगाळले जाते, म्हणून ती या आजारावर उतारा ठरत नाही. सहाणेवर झिजणारी मात्रा आणि प्रयोगातली मात्रा यांचा मेळ नाही. उलट हे विषाणू विष्ठेतून हातांवर आणि पाण्यात येतात. न धुतलेल्या हातांनी, न उकळलेल्या पाण्यात उगाळलेली घुटी लागण पोहोचवू शकते. वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर देऊच नये. लंगोट बदलल्यावर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुणे, खेळणी ब्लीचच्या सौम्य द्रावणाने पुसून स्वच्छ पाण्याने धुणे, आजारी मुलाला घरी ठेवणे, थंड आणि पातळ पदार्थ देत राहणे हे उपाय आज सिद्ध आहेत. सतत उलट्या, झोपेत वारंवार दचकणे, चालताना झोक जाणे, श्वास जोरात चालणे किंवा विलक्षण सुस्ती यांपैकी काहीही दिसले तर काढ्यात एक तासही घालवू नये, थेट रुग्णालय गाठावे. वनस्पतींनी विषाणूच्या दुखऱ्या जागा आपल्याला दाखवल्या आहेत. त्या माहितीचे औषध बनवणे हे माणसांचे काम आहे, आणि ते अजून पुरे झालेले नाही.